आधी कोणाचे दुखणे?



आपल्यापुढे एक साधा प्रश्न ठेवावयाचा आहे. वस्तीत पैसा थोडा आणि दुखणी फार असतील, तर आधी कोणते दुखणे हाती घ्यायचे, हे कोणी ठरवावे? डॉक्टरांनी? साहेबांनी? नगरसेवकाने? की ज्याचे दुखते आहे त्याने?

हा तर सरकारी दवाखान्याचा प्रश्न झाला, धम्माच्या पाक्षिकात त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. त्यांनी विनयपिटकाच्या महावग्गातील एक प्रसंग आठवावा. विनयपिटक म्हणजे भिक्खुसंघाच्या नियमांचा ग्रंथ. त्यात सांगितले आहे की, एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो आपल्याच घाणीत पडून होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंची निवासस्थाने पाहत तेथे आले. त्यांनी त्या भिक्खूला विचारले, तुला काय होते आहे? तुझी शुश्रूषा करणारा कोणी आहे काय? 'नाही' असे उत्तर आल्यावर विचारले, का नाही? तेव्हा तो म्हणाला की, आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते आपल्याकडे पाहत नाहीत. मग आनंदाने पाणी आणले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचावर निजविले. यानंतर भगवंतांनी सारा संघ एकत्र बोलाविला, त्याला जाब विचारला आणि नियम घालून दिला. आजाऱ्याची शुश्रूषा त्याच्या उपाध्यायाने, आचार्याने, शिष्याने करावी. यांपैकी कोणी नसेल तर ती संघाने करावी. न केली तर तो दोष होय.

हा प्रसंग आपण करुणेचा म्हणून ऐकतो, आणि तो करुणेचा आहेच. परंतु त्यात आणखी काही आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. भगवंतांनी प्रथम आजाऱ्यालाच विचारले. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला विचारले नाही. दुसरे असे की, विचारल्यामुळेच खरे कारण बाहेर आले. अतिसार हा शरीराचा रोग होता. जो उपयोगी नाही त्याला कोणी विचारीत नाही, हा संघाचा रोग होता. तिसरे असे की, एकाला धुऊन पुसून ते निघून गेले नाहीत. त्यांनी सभा बोलाविली आणि पुढे असे घडू नये म्हणून व्यवस्था केली. त्याच ठिकाणी चांगल्या रोग्याचे गुण सांगितले आहेत. त्यांत एक गुण असा की, रोग्याने आपले दुखणे, वाढले आहे की कमी झाले आहे, हे जसेच्या तसे सांगावे. म्हणजे विचारणे हे एकाचे कर्तव्य, तर खरे सांगणे हे दुसऱ्याचे.

आता आपल्या वस्तीकडे या. भाईंदर पूर्वेचा केबिन रोड घ्या. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ५ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती ८ लाख ९ हजार झाली. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानाने सुमारे ५० हजार वस्तीमागे एक नागरी आरोग्य केंद्र, असे माप घालून दिले. त्या मापाने २०११ च्या लोकसंख्येलाच सोळा केंद्रे लागतात. हा हिशेब कार्यालयात बसून करता येतो. पण केंद्र किती वाजता उघडावे, हे लोकसंख्येच्या आकड्यातून निघत नाही. सकाळची लोकल धरून गेलेला माणूस रात्री आठला परततो. घरकाम करणारी बाई चार घरची भांडी आटोपून दुपारी दोनला मोकळी होते. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर बसणाऱ्याने खोकल्यासाठी रजा घेतली तर त्या दिवसाची मजुरी जाते. केंद्र सकाळीच उघडून दुपारी बंद होत असेल, तर ते यांच्यासाठी नसल्यासारखेच. हे कोणाला ठाऊक आहे? ज्याची मजुरी बुडते त्याला. ते त्याचे ज्ञान आहे, आणि ते कोणत्याही पदवीने मिळत नाही.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा. न्यूमोनियाला कोणते औषध द्यावे, हे डॉक्टरने सांगायचे. त्यात सभेच्या मताला जागा नाही. आपण अंगारे-धुपारे आणि देवऋषी सोडले ते याच विवेकाने. परंतु थोड्या पैशात आधी गटार बंद करावे की रक्तदाबाच्या गोळ्या नियमित मिळाव्यात, दवाखाना सायंकाळी उघडा असावा की बायकांसाठी शौचालयात दिवा असावा, हा औषधाचा प्रश्न नाही. कोणाचे दुःख आधी दूर करायचे, हा न्यायाचा प्रश्न आहे. न्यायाच्या प्रश्नात ज्याला भोगावे लागते त्याला विचारल्याशिवाय दिलेला निर्णय, कितीही शहाणा असला तरी, अपुराच राहतो.

आपल्या महाराष्ट्रात याचा पडताळा घेऊन झाला आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला आले. दोघेही उत्तम शिकलेले. त्यांनी गावकऱ्यांना विचारले, तेव्हा लोकांनी दवाखाना मागितला नाही. अन्न आणि पाणी मागितले. दिवस दुष्काळाचे होते. डॉक्टरांनी ते ऐकले. मुलांना जेवण आणि गावाला पाणी, हेच आरोग्याचे पहिले काम ठरले. हातपंप दलित वस्तीकडे बसविले गेले, म्हणजे पाणी हवे असेल तर सवर्णांनी तेथे यावे. ज्यांना शतकानुशतके पाणवठ्यापासून दूर ठेवले, त्यांच्या दाराशी सारा गाव पाण्याला येऊ लागला! पुढे प्रत्येक गावाने आपली आरोग्यसेविका आपणच निवडली. त्यांतील बहुतेक निरक्षर होत्या आणि पुष्कळ जणी दलित होत्या. त्यांनी बाळंतपणे केली, अतिसाराच्या मुलांना मीठ-साखरेचे पाणी पाजले, कुष्ठरोग्याला वाळीत टाकू नका असे गावाला समजाविले. १९७१ च्या सुमारास तेथे हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा ३० च्या खाली आला. औषधे त्यात होतीच. पण ज्यांना अडाणी म्हणून बाजूला सारले होते, त्यांना निर्णयात आणि कामात स्थान मिळाले, हे त्याचे मोठे कारण होते. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास तेथे काम सुरू केले. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, असे त्यांनी आदिवासींनाच विचारले. त्या उत्तरांवरून दवाखाना झोपड्यांच्या रूपात बांधला, आजाऱ्याचे नातेवाईक सोबत राहतील अशी सोय केली आणि त्याला लोकांच्या देवीचे, दंतेश्वरीचे नाव दिले. देवीचे नाव आपल्याला मानवणार नाही. पण तो दवाखाना ज्यांच्यासाठी होता, त्यांना ते आपले वाटले. आदिवासींच्या आरोग्य-संसदेत मलेरिया हा पहिला प्रश्न म्हणून पुढे आला. याच जिल्ह्यात बायकांनी दारू हा आरोग्याचा प्रश्न म्हणून उभा केला. कोणत्याही दवाखान्याच्या यादीत दारू हा रोग नव्हता. नवऱ्याचा मार, उपाशी मुले आणि रिकामा डबा ही त्याची लक्षणे फक्त घरात दिसतात. आंदोलन उभे राहिले आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली.

आता कोणी विचारील, लोकांचा सहभाग असावा हे सरकारही म्हणते, मग अडते कोठे? खरे आहे. १९४६ साली भोर समितीने गावोगाव पाच-सात जणांची आरोग्य समिती असावी, असे सुचविले होते. १९७८ साली अल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने जाहीर केले की, आपल्या आरोग्यसेवेचे नियोजन करण्यात भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात गावाच्या समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत मुक्त निधी आला. शहरात ५० ते १०० घरांमागे महिला आरोग्य समिती आणि तिला ५,००० रुपये, अशी तरतूद झाली. म्हणजे कागदावर काही कमी नाही.

पण कागदावरचा हक्क आपल्याला नवा नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला की, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले आहेत. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी १९२७ च्या मार्चपर्यंत तेथे अस्पृश्याला पाण्याचा थेंब घेता आला नाही. २० मार्च रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. समितीचे तसेच आहे. फलकावर नावे आहेत, वहीत सह्या आहेत, आणि ज्यांच्या सह्या आहेत त्यांना सभा कधी झाली ते आठवत नाही, अशी समिती म्हणजे १९२४ चे चवदार तळे होय.

महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख आणि नियोजनाचा उपक्रम चालला. ठाणे जिल्हा त्यात पहिल्यापासून होता. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला गुण दिले. हिरवा रंग चांगल्याला, पिवळा मध्यमला, लाल वाईटाला. नर्स येते का, औषध बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का, हे लोकांनीच नोंदविले. मग जनसुनवाई झाली. तेथे अधिकाऱ्यांना सर्वांसमोर उत्तर द्यावे लागले. ज्याला उत्तर द्यावे लागत नाही, तो प्रश्न विचारून घेतो आणि वही मिटतो. म्हणून विचारणे आणि उत्तरदायी असणे यांची फारकत होऊ देता कामा नये. ब्राझीलमध्ये १९९० च्या कायद्याने आरोग्य परिषदांत निम्म्या जागा सेवा घेणाऱ्यांना दिल्या, त्याचे मर्म हेच आहे.

शहरात ही अडचण अधिक आहे. खेड्यात निदान ग्रामसभा आहे. शहरातल्या चाळीतल्या माणसाला तशी सभा कोठे आहे? मीरा-भाईंदरला महानगरपालिका २००२ साली आली. २०१७ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर बराच काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या काळात तुमच्या गल्लीतले गटार आधी की दुसऱ्या गल्लीतला रस्ता आधी, हे विचारायला नगरसेवकसुद्धा नव्हता. सभागृह असले तरी पाच वर्षांतून एकदा दिलेल्या मताने रोजचे प्रश्न सुटत नाहीत. म्हणून पन्नास-शंभर घरांची ती लहानशी समिती महत्त्वाची. शंभर घरांना ५,००० रुपये म्हणजे घरामागे वर्षाला ५० रुपये. या रकमेने कोणाचे भले होणार, असे म्हणून ती सोडून देऊ नका. रक्कम लहान आहे. पण आपली यादी करून महापालिकेपुढे मांडण्याचे ते दार आहे.

येथे तीन आक्षेप येतात. त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप: अडाणी माणसांना काय कळते? हे शब्द आपल्या कानांना ओळखीचे आहेत. निरक्षरांना मत कशाला, असेही म्हटले जात होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला तो याच समजुतीविरुद्ध. निरक्षर असणे वेगळे आणि निर्बुद्ध असणे वेगळे. जामखेडच्या आरोग्यसेविकांनी ते गावोगाव दाखवून दिले. लोक सलाईन आणि इंजेक्शन मागतात, हे खरे. पण ते का मागतात? आजवर त्यांना सुईखेरीज दुसरे काही कोणी समजावून दिले नाही म्हणून. माहिती दिली नाही आणि चुकीची निवड केली म्हणून दोष दिला, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकांवर सोडले तर बहुसंख्य आपलेच पाहतील. हा आक्षेप आपण इतरांपेक्षा नीट समजू शकतो. गावानेच ठरवायचे असते तर आपल्याला पाणी कधी मिळाले असते? आणि आता हाच प्रश्न आपल्या वस्तीला विचारा. आपल्या सभेत क्षयरोग्याचे नाव कोण काढील? गल्लीत एकट्या राहणाऱ्या परप्रांतीय भाडेकरूचा ताप कोणाच्या यादीत येईल? बाईच्या अंगावरून जाते, हे दहा पुरुष बसलेल्या सभेत कोणती बाई बोलेल? डॉ. राणी बंग यांचा अभ्यास १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध झाला. गडचिरोलीच्या दोन गावांत १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्यांतील केवळ ८ टक्के स्त्रियांची त्यापूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. एवढे दुखणे घराघरांत होते, तरी ते चावडीवर आले नव्हते. म्हणून 'लोकांनी ठरवावे' याचा अर्थ 'मोठ्या आवाजाने ठरवावे' असा होता कामा नये. संघातही उपयोगी नसलेला भिक्खू असाच मागे पडला होता, हे विसरू नका. ज्याचे दुखणे सांगायला लाज किंवा भीती वाटते, त्याला आधी आणि वेगळे विचारले पाहिजे. आणि काही गोष्टी मताला टाकायच्याच नाहीत: क्षयाचे औषध, लस, बाळंतिणीची सोय. त्या बहुमताच्या कृपेवर राहू नयेत. बहुमताला मर्यादा नसेल तर तेही जुलूम करते, हे अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी आयुष्यभर झगडलेल्या बाबासाहेबांच्या अनुयायांना दुसऱ्या कोणी शिकवायला नको.

तिसरा आक्षेप आपल्याच मनातून येतो, आणि तो रास्त आहे. लोकसहभाग म्हणजे आणखी एक वेठ तर नव्हे? सुखवस्तू कॉलनीचे गटार महापालिकेचा कामगार साफ करतो आणि आपल्या वस्तीला श्रमदानाचे महत्त्व सांगितले जाते. आपल्या आजोबा-पणजोबांनी गावाची सारी कामे केली; गावाच्या निर्णयात मात्र त्यांना बसायला जागा नव्हती. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक आणले होते. तेच वतन सहभागाच्या नावाने परत येता कामा नये. ज्या सभेत निर्णय दुसऱ्यांचा आणि घाम आपला, त्या सभेतून नम्रपणे पण ठामपणे उठावे. आशा सेविकेच्या बाबतीतही हेच लागू आहे. ती आपलीच मुलगी, आपलीच सून असते. तिच्याकडून सारी वस्ती पिंजून घ्यायची आणि तिला पुरता मोबदला द्यायचा नाही, याला सेवाभाव म्हणू नये.

मग आपण काय करावे? संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की, प्रस्ताव मांडणे, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे भिक्खुसंघांना ठाऊक होते. लोकशाही आपल्याला परकी नाही. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींच्या उत्कर्षाची कारणे सांगताना भगवंतांनी प्रथम हेच सांगितले की, ते वारंवार एकत्र जमतात, आणि एकत्र येऊन एकविचाराने कामे करतात. तर विहारात रविवारी वंदनेनंतर अर्धा तास यासाठी काढता येणार नाही काय?

त्या अर्ध्या तासात एवढे करावे. प्रत्येक घराने आपले दुखणे सांगावे, लपवू नये. बायकांची बैठक वेगळी घ्यावी आणि तिची यादी सभेत आधी वाचावी. गल्लीतील बौद्धेतर घरे, भाडेकरू, नवे आलेले कामगार यांनाही बोलवावे. रोगराई जात-धर्म विचारून येत नाही आणि विहाराचे दार जात विचारणारे नसावे. जे आले नाहीत, त्यांच्या घरी दोघांनी जाऊन यावे. जो सभेला येऊ शकत नाही तोच बहुधा सर्वांत आजारी असतो. मग यादीतील पहिल्या तीन गोष्टी मताने ठरवाव्यात. का ठरविल्या आणि कोणत्या मागे ठेवल्या, तेही वहीत लिहावे, म्हणजे मागे राहिलेल्याला पुढच्या खेपेस जागा मिळेल. आशा सेविकेला आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला बोलावून या तीन गोष्टींवर त्यांचे म्हणणे ऐकावे. जे समितीच्या पैशात होते ते करावे. जे महापालिकेचे काम आहे, ते लेखी मागावे, अर्जाची पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. नव्याने शिकलेल्या मुलामुलींनी अर्ज लिहावेत. त्यांच्या शिक्षणाचा वस्तीला याहून चांगला उपयोग कोणता?

आपण धम्म स्वीकारला तेव्हा आपले दुःख हे नशिबाचे किंवा पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही, हे मान्य केले. दुःखाला कारण आहे आणि ते दूर करता येते, हे मान्य केले. पण देवाच्या हातून काढून घेतलेला निर्णय आपण साहेबाच्या हाती देऊन मोकळे झालो, तर आपण फक्त देव्हारा बदलला. तो निर्णय आपल्या सभेत आला पाहिजे, आणि सभेत ज्याचा आवाज सर्वांत लहान आहे त्याला पहिल्यांदा बोलायला मिळाले पाहिजे. येत्या रविवारी आपल्या विहारात वही उघडाल, तेव्हा पहिल्या पानावर कोणाचे दुखणे लिहायचे, हे आजच घरी बसून विचारात घ्या.

सर्वांचे मंगल होवो.